हत्तीचा पुरावा

जुपारकानने चहाची वाटी अर्धी भरली, दोन्ही हातांनी उचलली आणि फोनसमोर ठेवली.

फोन दारासमोरच्या मानाच्या जागी होता. त्याच्याखाली एकावर एक तीन गाद्या होत्या आणि सगळ्यांत वरची लग्नातली, जांभळ्या मखमलीची. गेल्या सहा वर्षांत त्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. मागे एकदा जिल्ह्याचा साहेब आला, तोसुद्धा बाजूच्या लोकरीच्या नमद्यावर मांडी घालून, मुरंबा चाटून, पाय आखडून परत गेला.

"आजी, तो चहा पीत नाही," बेगिमाय म्हणाली.

"न पिऊ दे. पुढ्यात नसला तर काय वाटेल त्याला?"

"त्याला काही वाटत नाही."

"तू त्याच्या पोटात शिरून आलीस का?"

बेगिमाय ही तिची नात. शहरातल्या एका दवाखान्यात ती रक्त तपासायची. बटाटे काढायला म्हणून पाच दिवसांची रजा टाकून आली होती आणि येताना स्वतःचा जुना फोन आजीसाठी घेऊन आली होती. एकोणीस पोती बटाटे दोन दिवसांत निघाले. फोनचा आज तिसरा दिवस होता आणि तो अजून जमिनीतच होता.

"हे माइकचं चित्र दाब आणि बोल. जे हवंय ते विचार."

जुपारकानने रुमालाच्या टोकाने ओठ पुसले. गुडघ्यांवर नीट बसली. पीठ मळून झालं की नाही हे बघावं तसं बोट त्या चित्रावर रोवलं.

"सलाम आलेकुम. बरे आहात ना? घरची माणसं बरी? पोरंबाळं, गुरंढोरं सुखरूप? यंदा गवत पुरलं का तुमच्याकडे? आमचं ठीक चाललंय. थंडी जरा लवकर उतरली, पण बटाटे निघाले. थोरल्या गाईचा खूर दुखतोय, बाकी तक्रार नाही. तर मी म्हणत होते..."

इथे फोनचा धीर सुटला. त्याने टुंग केलं आणि आसपासच्या तीन तालुक्यांतले गुरांचे डॉक्टर, त्यांचे नंबर आणि खुरांना लावायच्या मलमाची कृती समोर मांडली.

"बघ," जुपारकान म्हणाली. "चौकशी केली म्हणून केवढ्या आपुलकीने सांगतोय."

"आजी, नमस्कार-चमत्कार नको. सरळ प्रश्न विचार."

"सरळ प्रश्न पोलीस विचारतात."

पण शिकायची तिला भारी हौस. दुपारपर्यंत तिने सरळ विचारायचंही जमवलं, अर्थात आधी हळूच सलाम घालून. गाय उठताना आधी मागचे पाय का उचलते, समुद्राचं पाणी आटवलं तर खाली किती मीठ निघेल, चंद्रावर गेलेल्या माणसाने तिथे थुंकलं तर ते कुठे पडतं. बेगिमाय डोळे चोळायची आणि ही तिला कोपराने ढोसून पुढचं वाचायला लावायची. चुलीवरचं दूध दोनदा उतू गेलं. पन्नास वर्षांत त्या घरात दूध उतू गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, असं गाव म्हणतं. गाव काय, काहीही म्हणतं.

खरा प्रश्न मात्र तिने अजून विचारलाच नव्हता. तो विचारायचा होता, म्हणून तर हा सगळा पाहुणचार.

*

झालं होतं असं, की जाकिप मास्तर गावाचं पुस्तक काढत होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांच्या बोटावरचा खडू गेला नव्हता. पुस्तकात गावातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाला एक ओळ. पदक मिळालेल्यांना दोन ओळी. शनिवारी संध्याकाळी कागद छापखान्यात जायचे होते, आणि सोमवारी मास्तरांनी घरोघर जाऊन ज्याची त्याला ओळ वाचून दाखवली. जुपारकानच्या नवऱ्याच्या ओळीत दोनच शब्द होते: ट्रकचालक, हसतमुख.

"आणि हत्ती?" जुपारकानने विचारलं होतं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, हे पुस्तक आहे. लग्नातली पंगत नाही."

हत्तीची गोष्ट गावात पोराटोरांना पाठ होती. चौऱ्याहत्तर साली राजधानीतली सर्कस नारिनला निघाली होती. सर्कशीचा ट्रक वाटेत बंद पडला आणि हत्ती तिच्या नवऱ्याच्या झील कंपनीच्या ट्रकवर चढवला गेला. दोलोनच्या घाटात निम्म्यावर बर्फ सुरू झाला. हत्तीचे दात असे वाजायला लागले, की खालच्या दरीतल्या घोड्या बावरल्या. मेंढपाळांनी दोन तंबूंचे नमदे उतरवून त्याला गुंडाळलं. शेवटच्या वळणावर चाकं रुतली, तेव्हा ह्याने मागचं फळकं पाडलं. हत्ती आपणहून खाली उतरला, कपाळ लावलं आणि ट्रक खिंडीपर्यंत ढकलत नेला. वर पोचल्यावर मेंढपाळांनी खूश होऊन त्याला पिंपभर कुमिस पाजलं. घोडीचं आंबवलेलं दूध माणसाला चढतं, तसंच हत्तीला चढलं. तो रस्त्यावर आडवा झाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत रस्ता बंद, नारिनचा माणूस नारिनला आणि राजधानीचा राजधानीला. अडकलेल्यांत वर्तमानपत्राचा एक माणूस होता, त्याने फोटो काढला. अंक छापून आला त्याच आठवड्यात बर्फामुळे टपालगाडी गावापर्यंत पोचली नाही.

पहिल्या वर्षी ते कुमिस बादलीभर होतं. पिंप नंतर झालं.

गोष्ट रंगात आली, की तिचा नवरा मानाच्या जागेवरून तिच्याकडे हात करायचा. "विचारा हिला. मी घरी आलो तेव्हा अंगाला कसला वास येत होता, विचारा." सगळे तिच्याकडे बघायचे. ती चुलीत शेणी सारायची आणि म्हणायची, "चहा गार होतोय." पंचेचाळीस वर्षं. एकदाही हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

"पुरावा आणा," मास्तर उठताना म्हणाले होते. "शनिवारपर्यंत आणा, मी तिसरी ओळसुद्धा देतो. तुमच्या घरचा माणूस मलाही आवडायचा. पण उद्या शहरातल्या कोणी वाचून हसलं, तर ते मला नाही, त्याला हसतील."

ह्यावर जुपारकानने त्यांची रिकामी वाटी उचलली. ते खरं होतं.

*

बुधवारी सकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्याला जुनी वर्तमानपत्रं येतात का गं वाचता?"

"येतात की. जुने अंक आता चढवलेत सगळे. कुठल्या सालचा हवाय?"

जुपारकानने पोळपाटावरचं पीठ झटकलं. पुन्हा झटकलं. मग सगळं सांगितलं.

"एवढंच ना," बेगिमाय म्हणाली आणि फोन हातात घेतला. "आजोबांचं नाव, साल आणि हत्ती. दोन मिनिटांत काढते."

म्हातारीने तिचं मनगट धरलं. बटाटे काढून काढून बोटं भेगाळली होती, पण पकड पक्की होती.

"तू नाही."

"का?"

"नसलं तर?"

बेगिमायने फोन परत गाद्यांवर ठेवला.

"तू लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून हत्तीला किती बोटं असतात ते विचारायचीस. नसलंच कुठे काही, तर ते मला एकटीला कळू दे. तुझ्यासमोर ते खोटे पडायला नकोत. मला शिकव. मीच विचारीन."

म्हणून मग ती शिकायला बसली. आणि इथेच गाडी घाटात रुतली, कारण विचारायचं तर नाव घ्यावं लागणार होतं.

त्या मुलखातली सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. नवऱ्याचंही नाही. आताच्या मुली घेतात, दारात उभ्या राहून हाकाही मारतात. पण जुपारकान बावन्न वर्षांपूर्वीची सून होती. दफ्तरात मृत्यूची नोंद करताना कारकुनाने नाव विचारलं, तेव्हा तिने नुसतं ओळखपत्र पुढे सरकवलं होतं. आणि घोड्यांच्या शर्यतीतला तो प्रसंग तर अजून सांगतात. एक घोडा उधळून थेट तिच्या नवऱ्याच्या पाठीवर येत होता. ही जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो टोपीवाले, बाजूला व्हा." मैदानातले सगळे टोपीवाले बाजूला उडाले. हा एकटाच उभा राहिला, कारण नेमका त्या दिवशी टोपी घरी विसरला होता. दोन बरगड्या मोडल्या. दवाखान्यात म्हणाला, "चूक माझीच. टोपी घालायला हवी होती."

दुपारी तिची धाकटी जाऊ काकिश ताकाचं मडकं घेऊन आली आणि प्रकरण कळल्यावर मडकं विसरून बसली. तिच्यासाठी तर ते थोरले दीर. दोघी मिळून एकशे चव्वेचाळीस वर्षांच्या, आणि त्या दोघींत ते नाव घ्यायला एक जीभ नव्हती.

"नाव न घेता विचारा की, जाऊबाई," काकिश म्हणाली. "एवढं शहाणं आहे ना हे?"

जुपारकानने बोट रोवलं. "आमच्या घरच्यांनी हत्ती घाटातून नेला."

फोनने प्लॅस्टिकचा निळा हत्ती दाखवला. चाकं लावलेला.

काकिशने वाकून बघितलं. "घ्या. दोन दिवसांत घरपोच म्हणतंय. जाकिपला हाच नेऊन दाखवा."

"तू विचार बघू."

काकिशने घसा साफ केला. "थोरल्या दीरांचा हत्ती."

ह्यावर कुठल्यातरी लांबच्या, उकाड्याच्या देशातली वरात सुरू झाली. नवरदेव हत्तीवर बसला होता, डोक्यावर फुलं, आणि चेहरा असा की त्याला उतरायचं होतं. दोघी म्हाताऱ्या तोंडात बोट घालून बघत राहिल्या.

"नवरी कुठंय?" काकिशने विचारलं.

"दिसत नाही."

"पळाली असेल. हत्ती बघूनच."

बेगिमायने वरात बंद केली. "आजी, ह्याच्याकडे सगळं नावाने ठेवलेलं असतं. नावाशिवाय सापडायचं नाही."

"मग कसलं हुशार," काकिश म्हणाली. "नाव न घेता आमचे संसार झाले, पोरं झाली, नातवंडं झाली. कोणी हरवलं का?"

लिहायचंही करून पाहिलं. जुपारकानला वाचता-लिहिता येत होतं. पण भेगाळलेलं, सुकलेलं बोट काचेला कळेचना. तिने दहादा दाबलं की एकदा उमटायचं, तेही शेजारचं अक्षर. चौथ्या खेपेला तिने फोन खाली ठेवला.

"हाताने लिहिलं तरी मनात उच्चारावंच लागतं," ती म्हणाली. "चोरी ती चोरीच."

मग काकिशला मडकं आठवलं, तिने ताक ओतलं.

"आणखी एक सांगून ठेवते," बेगिमाय म्हणाली. "विचारलेलं सगळं ह्याच्या लक्षात राहतं."

"काकिशसारखं."

"माझ्यासारखं काय? मी नुसतं सांगते. लक्षात कुठे ठेवते?"

"आणि आजी, तुझं अकाउंट नाही म्हणून मी माझंच घातलंय. तू इथे काय विचारलंस ते मला तिकडे दिसेल. चालेल ना?"

जुपारकान गाद्यांवरच्या फोनकडे बघत होती. माशी हाकलावी तशी तिने मान हलवली. ऐकलं की नाही, ते तिलाच ठाऊक.

*

गुरुवारी सकाळी टॅक्सीत तीन माणसं आधीच बसली होती आणि चालक भोंगा वाजवत होता. जुपारकानने दारातच नातीच्या तोंडाशी नान धरला. बेगिमायने कडेचा एक घास तोडला. घास तोडलेला नान आता ती परत येईपर्यंत खुंटीवरच्या पिशवीत राहणार होता. तो ओढून आणतो म्हणतात. त्याच खुंटीला दुसरी एक पिशवी होती. तिच्यातला नान कधीचाच दगड झाला होता. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा नारिनच्या दवाखान्यात निघाला, तेव्हा त्याचा घास तोडून गेला होता. घर रंगवताना सगळं खाली उतरवलं होतं, ती पिशवी सोडून. रंगाऱ्याने तिच्याभोवतीने रंग दिला होता.

"जमलं नाही तर मला फोन कर," बेगिमाय म्हणाली. "मी काढून देते, मी बघणार नाही. डोळे मिटून काढते."

"रक्त तपासतेस ना तू?"

"हो."

"तेही डोळे मिटूनच का?"

टॅक्सी निघाली. वळणावरून बेगिमायने मागे बघितलं. आजी दारात नव्हती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती दारातून हलत नसे. आज मात्र दार लागलेलं होतं.

*

शनिवारी दुपारी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बेगिमाय डबा उघडून बसली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"झालं," जुपारकान म्हणाली. सलाम नाही, गुरंढोरं नाहीत, काही नाही. ती शिकली होती.

"काय झालं?"

"तीन ओळी. जाकिपने माझ्यासमोर लिहिल्या."

"सापडलं तुला? वर्तमानपत्रात?"

"सगळं सापडलं."

"फोटोपण?"

"फोटोपण. नमदे गुंडाळलेला. नुसते कान बाहेर."

बेगिमाय उभी राहिली. "आजी, मला दाखव ना. त्या पानावर बोट दाबून धर, मग..."

"ते आता गेलं. बोट लागलं कुठेतरी."

"मग मास्तरांना काय दाखवलंस?"

"तेच विचारलं त्याने. दाखवा म्हणाला. मी म्हटलं, मास्तर, बोट लागलं. तो हसला. मग शाळेत घ्यायचा तशी परीक्षा घेतली माझी. वजन किती होतं? मी म्हटलं, मादी होती, तीन टन. झीलला जड, पण झेपलं. थंडीत जगली कशी? म्हटलं, एवढ्या जनावराला आधी कानांना थंडी लागते, कान झाकले की बराच वेळ तगतं. झोपतात तर उभ्यानेच ना? म्हटलं, बहुतेक उभ्याने, पण निर्धास्त असले की आडवे होतात. लिहून घेत होता सगळं. पण मान हलवत होता. म्हणाला, वहिनी, हे कोणीही सांगेल. मी काय धरून बसू?"

"मग?"

"मग मी म्हटलं, लिहा. आणि नाव घेतलं."

"कोणाचं?"

"तुझ्या आजोबांचं. ह्या वयात आणखी कोणाचं घेणार?"

पायरीवरची चिमणी डब्यातल्या भातापर्यंत आली आणि थांबली.

"पूर्ण घेतलं, मोठ्याने. म्हटलं, ह्या ह्या माणसाने दोलोन घाटातून हत्ती नेला. मी त्याची बायको सांगते. जाकिपने टोपी काढली. कितीतरी वेळ पेन तसंच धरून बसला. शेवटी म्हणाला, बावन्न वर्षं जी बाई नाव घेत नाही, ती खोट्यासाठी घेणार नाही. आणि लिहिलं."

"आणि काकिश आजी?"

"ती दारातच होती. तिने कानांवर हात ठेवले. पण उशिरा ठेवले."

"आजी, तुझी जीभ वळली?"

"सराव केला होता," जुपारकान म्हणाली. "थांब, दूध वर येतंय."

फोन बंद झाला.

बेगिमाय पुन्हा खाली बसली. तिने भाताचे दोन घास खाल्ले. मग आपल्या फोनमधली ती यादी उघडली. दोन दिवस कामाच्या रगाड्यात तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. सगळ्यांत जुनं खाली होतं. बोटाने सरकवत ती गुरुवारपर्यंत गेली.

गुरुवार, सकाळी नऊ चाळीस. तेव्हा टॅक्सी घाटसुद्धा चढली नव्हती.

*ओ*

त्याच्या वर, नऊ त्रेचाळीस:

*ओस*

मग बरंच काही नाही. मग दहा वाजून गेल्यावर:

*ओस्मोन*

आणि त्यावर, सव्वा अकराला:

*ओस्मोनकुल*

दुपारी पुन्हा तेच. तीनदा. शुक्रवारी पहाटे, गाय पिळायच्या आधी. गाय पिळल्यावर. एका ओळीत *ओस्मोनकुल अहो*. एका ओळीत *ओस्मोनकुल चहा गार होतोय*. बेगिमायने एका ओळीवर बोट ठेवलं, तर फोनने त्या नावाचा एक पैलवान, बियाण्यांचा एक दुकानदार आणि कुठल्याशा शहरातला एक रस्ता दाखवला. ट्रकचालक कोणी नव्हता.

शुक्रवारी दुपारनंतर प्रश्न बदलले होते. *हत्तीचं वजन किती. मादीचं किती. झील ट्रक किती टन ओढतो. हत्तीला थंडी कुठे वाजते. हत्ती उभा झोपतो का आडवा. हत्तीच्या अंगाला वास कसला येतो.* हा शेवटचा दोनदा विचारला होता.

ती वरपासून खालपर्यंत गेली, पुन्हा खालून वर आली. वर्तमानपत्र हा शब्द कुठे नव्हता. चौऱ्याहत्तर साल नव्हतं. नाव आणि हत्ती एका ओळीत एकदाही नव्हते.

मग तिने स्वतःच नाव टाकलं. साल टाकलं. हत्ती टाकलं. अंगठा भिंगाच्या चित्रावर नेला. दवाखान्याच्या खिडकीतून कोणीतरी तिला हाक मारली, ती आलेच म्हणाली. अंगठा तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग तिने एकेक अक्षर मागून पुसत आणलं आणि आजीला फोन लावला.

"दूध?" तिने विचारलं.

"गेलं उतू. बोल."

"आजी, एक राहिलंच. मास्तरांनी विचारलं तर असावं म्हणून." बेगिमायने डब्याचं झाकण लावलं. "त्या हत्तिणीचं नाव काय होतं?"

पलीकडे चुलीत शेणी सारल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

"थांब," जुपारकान म्हणाली. "विचारून सांगते."

फोन बंद झाला. बेगिमाय जिन्याकडे निघाली, दोन पायऱ्या चढली आणि हातातल्या काचेवर यादी हलली. सगळ्यांत वर नवी ओळ उमटली होती.

*ओस्मोनकुल सलाम आलेकुम बरे आहात ना हत्तिणीचं नाव काय होतं*

ती जिन्यातच उभी राहिली. मिनिटभराने फोन वाजला.